तडकलेला बिडाचा ब्लॉक : दुरुस्ती की भंगार?

पुणे आणि इंजिन यांचे नाते जुने आहे. खडकीला १९४६ साली किर्लोस्कर ऑईल इंजिन्स सुरू झाली. पुढे कोथरूडला कमिन्स आणि पिंपरीला टेल्को (आजची टाटा मोटर्स) आली. त्यांच्या आधाराने शहरात लेथ, बोअरिंग, वेल्डिंगची अनेक लहान दुकाने उभी राहिली. या धंद्यातल्या कारागिराला आजही अधूनमधून एक प्रश्न सोडवावा लागतो : गिऱ्हाइकाने तडकलेला ब्लॉक आणला, तर तो सांधायचा की भंगारात टाकायला सांगायचे? शेतकऱ्याचे पंपाचे इंजिन असो की टेम्पोवाल्याचे, त्या उत्तरावर एका घराची रोजी अवलंबून असते.

तडा का जातो?

बिडात साधारण अडीच ते चार टक्के कार्बन असतो आणि त्याचा बराच भाग ग्रॅफाइटच्या पातळ पापुद्र्यांच्या रूपात पसरलेला असतो. त्यामुळे बीड दाब चांगला सोसते, पण ताण पडला की तडकते. पाणी आटून इंजिन तापले आणि ड्रायव्हरने घाईने त्यात थंड पाणी ओतले, की ब्लॉकचा एक भाग एकदम आकसतो व चीर पडते. वॉटर जॅकेटमध्ये साचलेला क्षार, वेडेवाकडे आवळलेले हेडचे बोल्ट आणि तुटलेला कनेक्टिंग रॉड ही बाकीची कारणे. कारण न शोधता नुसता तडा सांधला, तर ब्लॉक पुन्हा तडकणार हे नक्की समजावे.

आधी तपासणी

ब्लॉक धुऊन तेल-ग्रीस पूर्ण काढावे. संशयाच्या जागी रॉकेल लावून थोड्या वेळाने पुसावे व वर खडूची भुकटी चोळावी. चिरेत मुरलेले रॉकेल खडूवर रेघ उमटवते. वॉटर जॅकेटची सर्व तोंडे पट्टी व रबराने बंद करून आत साधारण २ ते ३ किलो हवेचा दाब द्यावा आणि ब्लॉक पाण्याच्या टाकीत सोडावा. बुडबुडे निघाले तिथे तडा. चीर कुठे संपते ते कळले की दोन्ही टोकांना सुमारे ३ मिलिमीटरचे भोक पाडावे, म्हणजे ती पुढे पळत नाही.

तीन मार्ग

पहिला, थंड वेल्डिंग. साधा लोखंडी रॉड वापरू नये. तो बिडातला कार्बन ओढून घेतो, जोड काचेसारखा कडक होतो आणि शेजारीच नवा तडा जातो. निकेलचा रॉड घ्यावा. चीर छन्नीने किंवा ग्राइंडरने व्ही आकारात उघडावी. एका वेळी इंचभरच टाका घालावा, तो गरम असतानाच हातोडीने हलके ठोकावा, आणि जागा हाताला सोसेल इतकी निवल्यावरच दुसरा टाका दुसऱ्या टोकाला घालावा. घाई केली की काम फसते.

दुसरा, गरम वेल्डिंग. पूर्ण ब्लॉक ५०० ते ६५० अंशांपर्यंत सावकाश तापवून बिडाच्याच सळईने गॅसवर सांधतात आणि कोरड्या राखेत किंवा चुन्याच्या भुकटीत पुरून हळूहळू थंड होऊ देतात. जोड उत्तम येतो. पण बोअर व बेअरिंगच्या जागा वाकतात. पुन्हा बोअरिंग करावेच लागते.

तिसरा, धातूचे टाके, म्हणजे मेटल स्टिचिंग. यात उष्णता लागतच नाही. चिरेला आडवी भोकांची रांग पाडून तिच्यात निकेल मिश्रधातूच्या पट्ट्या ठोकून बसवतात. मग चिरेच्या लांबीवर एकमेकांत अडकणारे आटेदार स्क्रू बसवून घासून सपाट करतात. वेळ लागतो, पण ब्लॉक वाकत नाही. मोठ्या, महाग इंजिनांना हाच मार्ग बरा.

इपॉक्सीची लुगदी फक्त वॉटर जॅकेटच्या बाहेरच्या बारीक गळतीवर चालते. ती ताकद देत नाही.

कुठे नाही म्हणावे?

मेन बेअरिंगच्या कण्याला तडा असेल, किंवा चीर अनेक दिशांना फुटली असेल, तर साध्या दुकानात काम घेऊ नये. बोअरमधला तडा स्लीव्ह बसवून कधी कधी वाचतो. वेट लाईनरच्या इंजिनात बहुधा लाईनरच बदलतो.

वाहनाचा ब्लॉक बदलायचा ठरला तर इंजिन नंबर बदलतो, आणि आर.सी.मध्ये आर.टी.ओ.कडून त्याची नोंद करून घ्यावी लागते. म्हणून जुना ब्लॉक घेताना पक्की पावती मागावी. चोरीचा माल गळ्यात पडला तर स्वस्त सौदा फार महाग पडतो.

काम झाल्यावर दाबाची चाचणी गिऱ्हाइकासमोर पुन्हा घ्यावी. कोणत्या पद्धतीने सांधले, किती दिवसांची हमी आणि काय जोखीम उरली, हे बिलावर लिहून द्यावे. ब्लॉक सांधलेला आहे हे लपवून इंजिन विकू नये. आपल्या धंद्यात जाहिरात कोणी छापत नाही, एक गिऱ्हाईक दुसऱ्याला पाठवते. तो विश्वास एकदा तडकला की त्याला निकेलचा रॉड मिळत नाही.