रेषेबाहेरचा बारावा गडी

फुटबॉलच्या संघात गडी किती? अकरा. हे तर पहिलीतले पोरही सांगेल. पण आणखी एक माणूस असतो. तो चेंडूला पाय लावीत नाही, गोल करीत नाही, नुसता रेषेबाहेर उभा असतो. तरी संघ हरला की पहिले बोल त्यालाच बसतात! त्याला म्हणतात प्रशिक्षक. मुंबईच्या मैदानांवर खेळलेला एक खेळाडू पुढे साऱ्या भारताच्या संघाचा प्रशिक्षक झाला. त्यांचे नाव खालिद जमील. त्यांची ही माहिती.

कुवेत ते मुंबई

खालिद जमील यांचा जन्म २१ एप्रिल १९७७ रोजी कुवेतमध्ये झाला. आईवडील भारतीय. आता कुवेत म्हटले की आपल्याला काही परके वाटत नाही. आपल्या खेड तालुक्यातली कितीतरी माणसे आखातात नोकरीला गेलेली आहेत. कुणाचे काका, कुणाचे मामा, कुणाचे वडील.

२ ऑगस्ट १९९० रोजी इराकचे सैन्य कुवेतमध्ये घुसले. घरेदारे, पगार, सामानसुमान तिथेच टाकून लोक निघाले. सुमारे पावणेदोन लाख भारतीयांना विमानांनी मायदेशी आणावे लागले. त्या वेळी खालिद तेरा वर्षांचे होते. या युद्धाच्या काळातच त्यांचे कुटुंब भारतात आले. नवा देश, नवी शाळा, नवे सोबती. पण चेंडू मात्र ओळखीचा होता. त्या चेंडूनेच त्यांना मुंबईत जागा मिळवून दिली.

खेळाडू म्हणून

ते मधल्या फळीत खेळत. मधल्या फळीचे काम म्हणजे मागच्यांना मदत करायची आणि पुढच्यांना चेंडू पोचवायचा. नाव मात्र गोल करणाऱ्याचे होते! महिंद्र युनायटेड, एअर इंडिया आणि शेवटी मुंबई एफ. सी. या मुंबईच्या संघांतून ते खेळले. भारताच्या संघातूनही खेळले. २००५-०६ साली महिंद्र युनायटेडने राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली, त्या संघात ते होते.

त्या काळी कोलकात्याच्या मोठ्या संघांत जायला मिळणे म्हणजे मोठा मान. तशी बोलावणी त्यांनाही आली होती. पण त्या संघांच्या नावाला दारू कंपन्यांची नावे जोडलेली होती, म्हणून त्यांनी नकार दिला, असे वर्तमानपत्रांतून आलेले आहे. पैसा आणि प्रसिद्धी समोर असताना नाही म्हणणे सोपे नाही हो!

पुढे दुखापतींनी पाठ सोडली नाही. २००९ साली त्यांनी खेळणे थांबवले. वय होते फक्त ३२.

रेषेच्या बाहेर

इथे मला माझी एक गोष्ट सांगायची आहे. गेल्या पावसाळ्यात संघ पाडले तेव्हा मला कोणीच घेतले नाही. मी रुसून घरी गेलो. दुसऱ्या दिवशी जांभ्याच्या गडग्यावर बसून नुसता बघत राहिलो. तेव्हा एक गंमत दिसली. सगळी पोरे चेंडूच्या मागे एकाच घोळक्यात धावत होती आणि उजवीकडची अख्खी बाजू मोकळी होती! आत खेळताना हे मला कधी दिसले नव्हते. मी ओरडून सांगितले, "अरे, एक जण उजवीकडे थांबा!" एक जण थांबला आणि थोड्या वेळाने त्याच बाजूने गोल झाला.

प्रशिक्षकाचे काम हेच. बाहेरून सगळे मैदान बघायचे. कुणाला खेळवायचे, कुणाला बसवायचे, मध्यंतरात काय सांगायचे, दमलेल्याच्या जागी कुणाला धाडायचे, हे ठरवायचे. त्यालाही शिकावे लागते, परीक्षा द्याव्या लागतात. जमील यांनी आशियाई फुटबॉल महासंघाची वरच्या दर्जाची परवाना परीक्षा दिलेली आहे.

सुरुवातीला मुंबई एफ. सी. हाच संघ त्यांच्याकडे आला. तिथे पैसा थोडा आणि नामवंत खेळाडू कमी. तरी ते होते तोवर हा संघ वरच्या गटातून कधी खाली घसरला नाही. २०१६ साली ते गेले आणि पुढच्याच मोसमात संघ घसरला.

ऐजॉलचा चमत्कार

मग ते मिझोरमच्या ऐजॉल एफ. सी. संघाकडे गेले. नकाशात मिझोरम शोधा पाहू. पार पूर्वेला, डोंगरात. २०११ च्या जनगणनेत साऱ्या मिझोरमची लोकसंख्या सुमारे ११ लाख होती आणि आपल्या एकट्या रत्नागिरी जिल्ह्याची सुमारे १६ लाख. म्हणजे आपल्या जिल्ह्याहून लहान राज्य!

हा संघ आदल्या मोसमात खालच्या गटात गेला होता. गोव्याच्या संघांनी स्पर्धा सोडली, म्हणून त्याला परत घेतले. अशा संघाला कोण विचारतो? जमील यांनी तिथल्या तरुण पोरांना उभे केले. मुंबईचे जयेश राणे आणि आशुतोष मेहताही त्या संघात होते. २२ एप्रिल २०१७ रोजी ऐजॉलने घरच्या मैदानावर बलाढ्य मोहन बागानला १-० असे हरवले. ३० एप्रिलला शिलाँगला शेवटचा सामना होता. बरोबरी केली तरी पुरे होते. नवव्याच मिनिटाला समोरच्यांनी गोल केला! पण पोरे घाबरली नाहीत. दुसऱ्या डावात विल्यम लालनुनफेलाने गोल फेडला. १-१. ऐजॉल भारताचे विजेते झाले! ईशान्येकडच्या संघाने ही लीग जिंकण्याची ती पहिलीच वेळ.

भारताचा संघ

त्यानंतर ईस्ट बंगाल, मोहन बागान, नॉर्थईस्ट युनायटेड, जमशेदपूर असे अनेक संघ त्यांनी सांभाळले. १ ऑगस्ट २०२५ रोजी त्यांची भारताच्या संघाचे प्रशिक्षक म्हणून निवड झाली. त्याआधी गोव्याचे सावियो मदेरा यांनी २०११-१२ मध्ये हे काम केले होते. मधली सगळी वर्षे पूर्णवेळ प्रशिक्षक परदेशीच होते.

पहिल्याच सामन्यात भारताने ताजिकिस्तानला त्यांच्याच देशात २-१ असे हरवले. ८ सप्टेंबरला ओमानविरुद्ध पेनल्टींवर ३-२ अशी बाजी मारून त्या स्पर्धेत तिसरा क्रमांक मिळवला. मग काय, कौतुकच कौतुक! पण १४ ऑक्टोबरला मडगावला सिंगापूरने आपल्याला २-१ असे हरवले आणि २०२७ च्या आशिया चषकाची वाट बंद झाली. १८ नोव्हेंबरला ढाक्यात बांगलादेशकडूनही ०-१ अशी हार झाली. ज्यांनी खांद्यावर घेतले होते, तेच आता बोल लावू लागले.

या कामात असे होतेच. हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम हे शाळेत शिक्षक होते आणि भारताच्या संघाचे प्रशिक्षकही. त्यांच्या हाताखाली भारताने १९५१ आणि १९६२ च्या आशियाई खेळांत सुवर्णपदक जिंकले. १९५६ च्या ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक आला, तेव्हा मुंबईच्या नेव्हिल डिसोझाने ऑस्ट्रेलियावर तीन गोल मारले होते. पण त्यांचाही संघ १९५२ च्या ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाकडून १०-१ असा हरला होता! हार झाली म्हणून रहीम घरी बसले असते, तर १९६२ चे सुवर्ण आले असते का?

आपण काय घ्यायचे?

संघात नाव आले नाही म्हणून रुसू नये. बाहेर बसणाऱ्यालाही काम असते, डोळे उघडे हवेत. आणि आलेल्या पालकांना एक विनंती. आम्ही हरून आलो तर "किती गोल खाल्लेत?" हे जरूर विचारा, पण त्याच्यानंतर "उद्या काय करणार?" हेही विचारा.

सांगा पाहू!

१. विजयाला ३ गुण, बरोबरीला १, हारेला ०. ऐजॉल : सामने १८, विजय ११, बरोबरी ४, हार ३. मोहन बागान : सामने १८, विजय १०, बरोबरी ६, हार २. दोघांचे गुण काढा. कमी वेळा हरूनही मोहन बागान मागे का पडले?
२. १९९० साली कुवेतहून परत आलेले कोणी तुमच्या घरात किंवा वाडीत आहे का? त्यांना विचारून पाच ओळी लिहा.
३. पुढच्या खेळाच्या तासाला दहा मिनिटे बाहेर बसा. तुम्हाला काय दिसले?

– इयत्ता सातवी