इंग्रजी वाक्य शिकवताना



मराठी माध्यमाच्या वर्गात इंग्रजी व्याकरणाची सुरुवात व्याख्येपासून न करता वाक्यापासून करावी. नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी आणि केवलप्रयोगी या आठ जाती मुले मराठीच्या तासाला शिकलेली असतात. शालेय इंग्रजी व्याकरणातल्या आठ जाती जवळपास त्याच आहेत. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा इंग्रजी व्याकरणाची धाटणी त्यांच्यासमोर होती. पुढे तीच मांडणी शाळेत रुळली. त्यामुळे संज्ञा पुन्हा घोकून घेण्यात वेळ घालवण्याचे कारण नाही. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीतच इंग्रजी सुरू झाले, म्हणून पाचवीत आलेल्या मुलांकडे शब्दही बऱ्यापैकी असतात. मुलांचे अडते ते वाक्य उभे करताना.

पहिला अडसर शब्दांच्या क्रमाचा असतो. ‘रामाने रावणाला मारले’ हे वाक्य ‘रावणाला रामाने मारले’ असे फिरवले तरी मारणारा रामच राहतो, कारण ‘ने’ आणि ‘ला’ हे प्रत्यय कोण कर्ता आणि कोण कर्म ते सांगतात. इंग्रजीत नामाला असे प्रत्यय नाहीत. तिथे शब्दाची जागाच त्याचे काम ठरवते. हे सांगून पटत नाही, दाखवावे लागते. तीन मुलांच्या हाती ‘राम’, ‘किल्ड’ आणि ‘रावण’ असे तीन कागद द्यावेत आणि त्यांना वर्गासमोर ओळीने उभे करावे. मग दोन टोकांच्या मुलांना जागा बदलायला लावावी. एकाही कागदावरचे अक्षर बदललेले नसते, पण मरणारा बदललेला असतो. हा धडा मुलांच्या कायमचा लक्षात राहतो.

याच्याच जोडीला वेळ आणि स्थळ यांची जागा शिकवावी. ‘मी काल पुण्याला गेलो’ याचे इंग्रजी ‘आय वेन्ट टू पुणे येस्टरडे’. कर्ता जागच्या जागी राहतो आणि त्याच्या पुढचे सगळे उलट्या क्रमाने येते: गेलो, पुण्याला, काल. साध्या विधानार्थी वाक्यांत ही खूण पुष्कळ ठिकाणी लागू पडते. मराठी वाक्याखाली आकडे घालून क्रम उलटवण्याचा सराव रोज पाच वाक्यांचा घेतला तरी पुरे.

दुसरा अडसर कर्त्याचा. ‘मुलीने आंबा खाल्ला’ आणि ‘मुलीने पोळी खाल्ली’ या वाक्यांत क्रियापद कर्माप्रमाणे बदलते, मुलीप्रमाणे नाही. ‘मला आंबे आवडतात’ यातही क्रियापद आंब्यांच्या मागे जाते. इंग्रजीत मात्र क्रियापद नेहमी कर्त्याच्याच मागे जाते, आणि ‘मला’ने सुरू होणारी बरीच मराठी वाक्ये इंग्रजीत ‘आय’ने सुरू होतात. ‘मला दोन भाऊ आहेत’ हे ‘आय हॅव टू ब्रदर्स’ होते, ‘मला भूक लागली आहे’ हे ‘आय ॲम हंग्री’ होते, ‘मला माहीत आहे’ हे ‘आय नो’ होते. तीनही मराठी वाक्यांत ‘आहे’ किंवा ‘आहेत’ आहे, इंग्रजीत मात्र तीन वेगळी क्रियापदे आली. ‘आहे’ म्हणजे ‘इज’ एवढेच शिकलेले मूल इथे हमखास फसते. म्हणून ‘मला’ आणि ‘माझ्याकडे’ यांनी सुरू होणाऱ्या रोजच्या बोलण्यातल्या वाक्यांचा तक्ता करून वर्गात टांगावा आणि त्यात मुलांकडूनच भर घालून घ्यावी.

सगळ्यांत जास्त वेळ द्यावा तो प्रश्न आणि नकार यांना. मराठीत ‘तो चहा पितो’ या वाक्यापुढे ‘का’ लावले की प्रश्न तयार होतो, बाकी काही हलत नाही. इंग्रजीत ‘डू’ हे सहायक क्रियापद आणावे लागते, आणि मुले गोंधळतात ती इथेच. फळ्यावर ‘ही ड्रिंक्स टी’ लिहावे. मग मुलांदेखत ‘ड्रिंक्स’मधला शेवटचा ‘स’ पुसावा आणि तोच ‘स’ वेगळ्या रंगाच्या खडूने ‘डू’ला जोडून वाक्याच्या आरंभी ‘डज’ लिहावे: ‘डज ही ड्रिंक टी?’ ‘स’ नाहीसा झाला नाही, एका क्रियापदावरून दुसऱ्यावर गेला, हे डोळ्यांना दिसते. भूतकाळातही हेच घडते. ‘ही वेन्ट’ मधला भूतकाळ ‘डिड’कडे गेला की ‘वेन्ट’चे ‘गो’ होते. ‘डिड ही वेन्ट’ आणि ‘आय डिडन्ट वेन्ट’ या घरोघरच्या चुकांवर एकच नियम पुरतो: अशा वाक्यात काळ एकदाच दाखवायचा, आणि तो सहायक क्रियापदावर. हा नियम पक्का झाल्यावरच पोटवाक्यातल्या प्रश्नाकडे वळावे. ‘तो कुठे राहतो ते मला माहीत नाही’ याचे इंग्रजी ‘आय डोन्ट नो व्हेअर ही लिव्ह्ज’ असे होते. प्रश्न वाक्याच्या पोटात गेला की ‘डज’ निघून जातो आणि ‘स’ आपल्या मूळ क्रियापदावर परत येतो.

उपपदे म्हणजे ‘अ’, ‘ॲन’ आणि ‘द’. मराठीत अशी उपपदे नाहीत असे सांगून मुलांना घाबरवू नये, कारण गोष्ट सांगताना मराठीही हेच करते. ‘एका गावात एक राजा होता. त्या राजाला दोन मुली होत्या.’ पहिल्यांदा आलेला राजा ‘एक’ घेऊन येतो, ओळख झालेला राजा ‘त्या’ घेऊन येतो. ‘अ’ आणि ‘द’ यांचा पाया एवढाच आहे. अपवाद पुढच्या इयत्तांत हळूहळू येऊ द्यावेत. ‘अ’ की ‘ॲन’ हे स्पेलिंगवरून ठरत नाही, उच्चारावरून ठरते, आणि इथे देवनागरी फार कामी येते. तासाला म्हणतात तो ‘अवर’ शब्द मुलांनी देवनागरीत लिहिला की आरंभी स्वर दिसतो, म्हणून ‘ॲन अवर’. ‘युनिव्हर्सिटी’ लिहिले की आरंभी ‘य’ दिसतो, म्हणून ‘अ युनिव्हर्सिटी’.

शब्दयोगी अव्ययांचे नियम थोडे आणि अपवाद फार, म्हणून ती सुटी शिकवू नयेत. मराठीत ती नामाच्या मागून येतात, इंग्रजीत नामाच्या आधी, एवढा फरक एकदा सांगावा. त्यानंतर ‘ॲट नाइट’, ‘इन द मॉर्निंग’, ‘ऑन मंडे’ असे शब्दसमूह तोंडी बसवावेत.

सरावासाठी हॅरॉल्ड पामर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी रूढ केलेले पर्यायी शब्दांचे तक्ते आजही उत्तम चालतात. फळ्यावर चार रकाने आखून कर्ता, क्रियापद, कर्म आणि वेळ यांचे प्रत्येकी चार शब्द लिहिले, तर दोनशे छप्पन्न वाक्ये तयार होतात. शब्द निवडताना कोणताही कर्ता कोणत्याही क्रियापदाशी जुळेल आणि वाक्याला अर्थ राहील एवढे पाहावे. प्रत्येक मुलाने उभे राहून आपले वाक्य बोलावे, मग वहीत लिहावे. वहीत लिहिण्याआधी वाक्य तोंडातून निघाले पाहिजे. तक्त्यावर हात बसला की मुलांना स्वतःच्या घराविषयी, शेताविषयी, कालच्या सामन्याविषयी त्याच साच्यात वाक्ये करायला सांगावीत. त्याशिवाय साचा अंगवळणी पडत नाही. नियम समजावून देताना मराठीचा आधार निःशंकपणे घ्यावा, सराव मात्र इंग्रजीतच व्हावा.

वह्या तपासताना एका वेळी एकाच प्रकारच्या चुकीवर खूण करावी, आणि तीही त्या आठवड्यात शिकवलेल्या. पानभर लाल शाई पाहून मूल लिहायचेच थांबते. शिवाय सगळे नियम एकाच गतीने रुजत नाहीत. १९७०च्या दशकातल्या भाषाशिक्षणाच्या संशोधनात असे दिसले, की परभाषा म्हणून इंग्रजी शिकणारे ‘इंग’ आणि अनेकवचनाचा ‘स’ लवकर पचवतात, पण ‘ही गोज’ मधला ‘स’ बराच उशिरा येतो. नियम तोंडपाठ असणाऱ्या मुलाच्या बोलण्यातूनही तो निसटतो. म्हणून त्या एका ‘स’वरून मुलाला आळशी किंवा मठ्ठ ठरवणे हा अन्याय आहे. तो पुन्हा पुन्हा कानावर पडू द्यावा. मुलाने ‘ही गो’ म्हटले तर शिक्षकाने ‘येस, ही गोज’ म्हणून पुढे जावे.

क्रम असा धरावा: आधी शब्दांची जागा, मग कर्ता आणि क्रियापद यांची जोडी, मग प्रश्न आणि नकार, मग उपपदे, आणि पोटवाक्ये शेवटी. पाठ्यपुस्तकाचा क्रम वेगळा असला तरी हा धागा सोडू नये. वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्या मुलाने स्वतःच्या मनातले एक वाक्य न अडखळता इंग्रजीत सांगितले, म्हणजे व्याकरण शिकवून झाले असे समजावे; तोवर पुढच्या धड्याची घाई करू नये.