कंटाळा आणि नेम

आषाढीला आळंदीहून पंढरपूरपर्यंत सुमारे २५० किलोमीटर चालणारा लालबागचा माळकरी घरी परतला की दोन मजले उतरायचाही कंटाळा करतो. "महाराज, वारीत पाय आपोआप पडतात, इथं मनच होत नाही," हे कीर्तनानंतर परळ-दादरला हमखास ऐकू येते. प्रश्न खरा आहे. गुडघे आखडले, साखर वाढली, म्हणून ज्यांची पुढल्या वर्षीची वारी चुकते त्यांना तो विचारावा.

वारीत काय होते ते पाहू. ज्येष्ठ वद्य अष्टमीला माउलींची पालखी निघते, तेव्हा 'आज चालावेसे वाटते का?' असे कोणी कोणास विचारते काय? तिथी ठरलेली, दिंडीचा क्रमांक ठरलेला. मनाचे मत घ्यावयास जागाच ठेवलेली नाही. पाय पुढे जातात आणि मन मागाहून येऊन मिळते. घरी मात्र आपण उलट करतो. आधी मनाची वाट पाहतो, आणि ते काही येत नाही.

पतंजलींनी योगातील नऊ विघ्ने सांगितली, त्यांत स्त्यान आणि आलस्य ही दोन निरनिराळी घातली आहेत. व्यासभाष्याप्रमाणे स्त्यान ही चित्ताची अकर्मण्यता. आलस्य म्हणजे शरीर व चित्त जड झाल्यामुळे प्रवृत्तीच न होणे. भेद बारीक, पण उपयोगाचा. जडपणा देहात असेल तर विचार करून तो जात नाही, हलल्यावर जातो. थिजलेले तूप ऊब लागल्याशिवाय विरघळते काय? म्हणून मनाशी वाद न घालता चपला पायात घालाव्या आणि नाक्यापर्यंत जावे. तेथून परतावेसे वाटले तर खुशाल परतावे. बहुधा कोणी परतत नाही!

गिरणगावात पूर्वी भोंगा होता. तो वाजला की कामगार उठे. त्याचा कंटाळा अंथरुणातच पडून राही. १९८२च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या, भोंगेही गेले. त्यासाठी हळहळावे असे मी म्हणत नाही, तो पोटाचा सक्तीचा भोंगा होता. परंतु बाहेरून कोणी उठवणारे असावे, एवढे त्यातले घेण्याजोगे. दादरला शिवाजी पार्कावरचे श्री समर्थ व्यायाम मंदिर पाहा. काळे गुरुजींनी ते १९२५ साली काढले. मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा फेब्रुवारी २०१९मध्ये शिवाजी पार्कावरच झाली, आणि तेथे मल्लखांब शिकवणारे उदय देशपांडे यांना २०२४ साली पद्मश्री मिळाली. असल्या ठिकाणी प्रत्येक पोराला रोज हुरूप येतो असे थोडेच आहे! पण पुढचा उतरला की आपली पाळी येते, आणि खांबावर चढावेच लागते.

आपणांस ही युक्ती नवी नाही. पहाऱ्याची वीणा आपण खाली ठेवीत नाही. थकलेला ती दुसऱ्याच्या गळ्यात देतो. तसे चाळीतल्या दोघा-तिघांनी ठरवावे. एकास ताप आला तर त्याने निजावे, दुसऱ्याने जावे. नेम चालू राहिला की बरा झालेल्याला पुन्हा सामील होणे सोपे जाते. एकट्याचा नेम एकदा तुटला की महिना जातो.

किती चालावे? सुश्रुतांनी बळाच्या अर्ध्याइतकाच व्यायाम सांगितला आहे. तोंडाने श्वास घ्यावा लागला की थांबावे. जागतिक आरोग्य संघटनाही प्रौढांस आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रम सांगते, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास. छातीत दुखत असेल किंवा मधुमेह असेल त्यांनी आधी डॉक्टरांस विचारावे, उगाच शौर्य नको.

कार्तिकी एकादशीपासून पालखी निघेपर्यंत जवळजवळ साडेसात महिने हाती असतात. गिरगावकरांस चौपाटी आहे. लालबाग-परळकरांनी दर एकादशीस वडाळ्याच्या विठ्ठल मंदिरापर्यंत पायी जावे. पावसाळ्यात चाळीची गॅलरी आणि जिना पुरे. निघताना शेजारच्या खोलीचे दार मात्र वाजवावे.