आरोग्य पाठ: इंजेक्शनचं नंतर बघू, आधी रिपोर्ट काढा



गेल्या महिन्यात वाळवा तालुक्यातल्या एका गटाने विचारलं, "आमच्या एका ताईंचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालंय. पाहुणे म्हणतात, नवीन इंजेक्शन आलंय, ते फक्त कॅन्सरलाच मारतं, केससुद्धा गळत नाहीत. खर्च लाखांत आहे. गटाने बँकेचं कर्ज उचलावं का?"

आम्ही उलट विचारलं, ताईंच्या रिपोर्टवर 'हर-टू'च्या पुढे काय लिहिलंय? फाईल पेटीत ठेवलेली. ती कुणी उघडलीच नव्हती. म्हणून आजचा पाठ त्या एका कागदावर.

नेहमीची केमो भराभर वाढणाऱ्या सगळ्याच पेशींवर तुटून पडते. म्हणून केस गळतात, तोंड येतं. नवीन औषधांना डॉक्टर 'टार्गेटेड थेरपी' म्हणतात, म्हणजे नेम धरून दिलेलं औषध. कॅन्सरच्या पेशीवर एखादी ठरावीक खूण असली, तरच ते लागू पडतं. उसात टू-फोर-डी मारली की रुंद पानाचं तण जळतं आणि ऊस राहतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण तीच हरळीवर मारली तर? पंप रिकामा होतो, हरळी तशीच. औषध खोटं नसतं, तण वेगळं असतं.

स्तनाच्या गाठीत तीन खुणा बघतात: ईआर, पीआर आणि हर-टू. तपासणीचं नाव आयएचसी. रिपोर्ट इंग्रजीत असतो, घरातल्या शिकणाऱ्या मुलीला वाचायला बसवा.

ईआर किंवा पीआर पॉझिटिव्ह असेल, तर ती गाठ बाईच्या शरीरातल्या हार्मोनवर पोसते. त्यावर टॅमॉक्सिफेनसारखी रोजची एक गोळी असते, साधारण पाच वर्षं घ्यायची. पाळी गेलेल्या बाईला वेगळी गोळी देतात. हेसुद्धा नेम धरून दिलेलंच औषध आहे, जुनं आणि स्वस्त. त्यामुळे त्याची कुणी बढाई मारत नाही. पण इथेच आपण चुकतो. वर्ष-दोन वर्षं झाली, बरं वाटायला लागलं, की "आता कशाला" म्हणून गोळी बंद! तुमच्या गटात अशी कुणी असेल, तर हप्त्याबरोबर गोळीचंही विचारत जा.

हर-टूपुढे 0 किंवा 1+ असेल तर निगेटिव्ह, 3+ असेल तर पॉझिटिव्ह. 2+ म्हणजे अधांतरी. तेव्हा 'फिश' नावाची आणखी एक तपासणी करावी लागते. हर-टू पॉझिटिव्ह साधारण पाच जणींमागे एकच निघते. पाहुण्यांनी सांगितलेलं इंजेक्शन तिच्यासाठी. त्याचं नाव ट्रास्टुझुमॅब. अमेरिकेत त्याला 1998 मध्ये मान्यता मिळाली. आता भारतीय कंपन्याही ते बनवतात, त्यामुळे किंमत उतरली आहे, तरी आपल्या घरांना जडच. बहुधा दर तीन आठवड्यांनी, वर्षभर घ्यायचं असतं. सुरुवातीला सोबत केमोही असते, म्हणजे केस गळणारच. हृदयावर परिणाम होऊ शकतो, म्हणून मध्ये मध्ये इको काढतात. तो चुकवू नका.

तिन्ही खुणा निगेटिव्ह असतील, तर ही गोळीही नाही आणि हे इंजेक्शनही नाही. म्हणजे उपचार संपले असं नव्हे. तिथे केमोचाच मोठा आधार असतो.

आणखी एक. तपासलेला गाठीचा तुकडा मेणाच्या छोट्या ठोकळ्यात जपून ठेवतात, त्याला 'ब्लॉक' म्हणतात. दुसऱ्या दवाखान्यात किंवा मुंबईला टाटात जायचं झालं, तर तो मागून घ्या. त्यावरून पुन्हा तपासणी होते.

मिश्री लावणाऱ्यांसाठीही सांगते. तोंडाच्या आणि घशाच्या ज्या कॅन्सरमध्ये पूर्ण बरं होण्याची आशा नव्हती, अशा रुग्णांवर टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी एक अभ्यास केला. गोळ्यांच्या उपचाराला निव्होलुमॅब या महागड्या इंजेक्शनची जोड दिली, पण डोस अगदी कमी ठेवला: नेहमी 240 मिलिग्रॅम देतात, इथे फक्त 20. नुसत्या गोळ्यांवर वर्षभराने शंभरातले 16 जण हयात होते, ही जोड दिल्यावर 43. आजार मुळातून गेला असं नाही, पण माणसाला दिवस मिळाले. मिश्रीचा डबा मात्र आजच बाजूला ठेवा. तोंडात पांढरा-लाल चट्टा किंवा न भरणारी जखम दिसली, तर यातलं काही लागायच्या आधी दाखवा.

टीव्हीवर ऐकलेली 'कार-टी' ही आणखी वेगळी. आयआयटी मुंबई आणि टाटाने मिळून केलेली ही थेरपी एप्रिल 2024 मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते सुरू झाली. ती काही प्रकारच्या रक्ताच्या कॅन्सरसाठी आहे, स्तनाच्या गाठीसाठी नाही. कुणी तसं सांगून पैसे मागितले, तर देऊ नका.

कर्जाचा विचार करण्याआधी महात्मा फुले जनआरोग्य योजनेतलं रुग्णालय बघा. तिथे आरोग्यमित्र बसतात. रेशनकार्ड, आधार आणि पूर्ण फाईल न्या. "कॅन्सरचं बसतं का" असं मोघम विचारू नका, औषधाचं नाव सांगून विचारा.

वाळव्याच्या ताईंची फाईल शेवटी उघडली. ईआर पॉझिटिव्ह, हर-टू 2+. म्हणजे अधांतरी. गटाने बँकेच्या कर्जाचा ठराव थांबवला आणि फिश तपासणी व जाण्यायेण्यासाठी अंतर्गत कर्ज दिलं. गाठीचा ब्लॉक तपासणीला गेलाय. हा अंक छापायला जाताना रिपोर्ट यायचा होता.