तोरणमाळचा मुक्काम आणि विरळ हवेची धास्ती

प्रश्न : सातपुड्यातील तोरणमाळच्या विश्रामगृहात डिसेंबरात मुक्काम करावयाचा आहे, तेथील विरळ हवा वृद्ध वडिलांना बाधेल काय?
— एक वाचक, नेरूळ, नवी मुंबई

उत्तर : आपली धास्ती अनाठायी आहे, कारण विरळ हवेचा विकार साधारणतः २,५०० मीटरांच्या वर संभवतो, आणि तोरणमाळची उंची तर सुमारे १,१५० मीटर, म्हणजे महाबळेश्वराहूनही कमी आहे. खरी काळजी घ्यावयाची ती थंडीची आणि दूरत्वाची : नंदुरबार स्थानकापासून शहाद्यामार्गे घाट चढावा लागत असल्याने, दमा वा हृदयविकार असल्यास डॉक्टरांची अनुमती घेऊन, नित्याची औषधे चार दिवसांची अधिक बाळगून, आरक्षणाची पावती हाती आल्यावरच, दिवसाउजेडी पोहोचता येईल अशी वाहनाची तजवीज करावी. तेथील यशवंत तलावाचा काठ वडिलांना अवश्य दाखवा. मात्र उन्हे वर आल्यावर, आणि कानटोपी घालूनच.