अंकुराचे चलच्चित्र

वऱ्हाडात, अकोला-अमरावतीकडील शेतांत, पावसाळ्यात तुरीचे अंकुर वर येतात. पण वाढताना ते कोणाला दिसतात? ही वाढ दाखविण्याची युक्ती दादासाहेब फाळके यांना साधली. चित्रकला व छायाचित्रण ते आधीच शिकले होते. १९१२ साली त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि कॅमेरा जागचा न हलविता रोज त्याचे चित्र घेतले. ती चित्रे पडद्यावर भराभर दाखविताच रोपटे सरसर वाढू लागले! ते पाहून एका धनिकाने कर्ज दिले. पत्नी सरस्वतीबाईंनी स्वतःचे दागिने पुढे केले. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला. पुढे ‘आगकाड्यांची मौज’ या लघुपटात त्यांनी तीच युक्ती योजिली. काडी किंचित सरकवावयाची, चित्र घ्यावयाचे, पुन्हा सरकवावयाची. पडद्यावर मात्र निर्जीव काड्या आपणहून हलत.