क्षयरुग्णांचा पोषण आहार कंपनीला कितीला पडतो?

एका प्रौढ क्षयरुग्णाच्या महिन्याभराच्या पिशवीचा खर्च आजच्या किराणा भावाने साधारण सव्वापाचशे ते आठशे रुपये येतो. कंपन्यांच्या बैठकीत हा आकडा ऐकला की "एवढंच?" असा सूर निघतो, आणि तिथेच हिशेब चुकायला लागतो. पिशवी स्वस्त आहे. ती सहा महिने, खाडा न पडता, माणसाच्या हातात पोचवणं महाग आहे.

आधी पिशवीचंच बघू. ९ सप्टेंबर २०२२ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री टीबी मुक्त भारत अभियानात मदत देणाऱ्याला 'निक्षय मित्र' म्हणतात. त्यात सुचवलेला प्रौढांचा मासिक आहार असा: ३ किलो धान्य, दीड किलो डाळ, पाव किलो तेल, आणि जोडीला १ किलो दूध पावडर किंवा ६ लिटर दूध किंवा १ किलो शेंगदाणे. जमेल तिथे ३० अंडी. धान्य पन्नास रुपये किलो, तूरडाळ एकशे तीस, शेंगदाणे एकशे चाळीस आणि तेलाचे चाळीस धरले, तर सव्वापाचशे होतात. अंडी घातली की सव्वासातशेच्या पुढे. शेंगदाण्याऐवजी दूध पावडर घेतली, तर अंडी न घेताही आठशे. माझं मत शेंगदाणे आणि अंड्यांच्या बाजूचं आहे. तेवढ्याच पैशात पोट जास्त भरतं आणि ते घरोघरी खाल्लं जातं. दूध पावडरीचा बराचसा भाग चहात जातो.

धान्य कुठलं, हे पुण्याच्या कार्यालयात बसून ठरवू नका. कोकणात तांदूळ, सोलापुरात ज्वारी. नको असलेलं धान्य दुकानात परत विकलं जातं, आणि त्यात रुग्णाची काही चूक नाही.

शंभर रुग्ण, सहा महिने, म्हणजे सहाशे पिशव्या. साडेपाचशेच्या दराने ३ लाख ३० हजार. भरणं, बांधणं आणि वाहतूक यांचे पिशवीमागे पंच्याहत्तर धरले, तर आणखी ४५ हजार. पिंपरी-चिंचवडमध्ये एवढ्यात भागतं. जव्हार-मोखाड्याच्या किंवा धडगावच्या पाड्यांवर भागत नाही. तिथे वाहतुकीचा आकडा दुप्पट धरूनच अंदाजपत्रक करा. लहान दुकान, गृहनिर्माण संस्था, पतपेढी यांनाही निक्षय मित्र होता येतं. दहा रुग्ण घेतले तर सहा महिन्यांचे चाळीस हजारांच्या आसपास होतात.

वाटप कसं करता, यावर सगळं अवलंबून आहे. आरोग्य केंद्राच्या व्हरांड्यात फ्लेक्स, टेबलावर पिशव्यांचा ढीग, समोर मास्क लावून बसलेली माणसं आणि पाहुणे तासभर उशिरा. रांगेतली बाई रोजंदारीवर असेल, तर पावणेसहा किलोची पिशवी न्यायला तिने दिवसाचा रोज आणि एसटीचं भाडं घालवलेलं असतं. साडेपाचशेची वस्तू घेण्यासाठी तितकेच गमावले, तर मदत कसली झाली? म्हणून वाटप औषध न्यायच्या दिवसालाच जोडा, किंवा आशाताईंमार्फत घरी पोचवा आणि त्यांच्या खेपेचे पैसे द्या. हे जिल्हा क्षयरोग अधिकाऱ्यांशी बोलून ठरवायचं. फ्लेक्स आणि पाहुण्यांच्या खर्चात हे सहज बसतं. आणि अंडी महिन्यातून एकदा देऊ नका. विदर्भातल्या मे महिन्यात, फ्रिज नसलेल्या घरात तीस अंडी म्हणजे नुकसानच. गावातल्या दुकानाशी बोलून आठवड्याला सात-आठ अंड्यांची चिठ्ठी चालवा.

फोटोबद्दलही स्पष्ट सांगायला हवं. मदत घ्यायची की नाही, हे रुग्णाच्या संमतीवर असतं, आणि पिशवीला 'हो' म्हणजे चेहरा छापायला 'हो' नव्हे. गावात टीबी कळला की लग्न मोडतं, भाड्याची खोली जाते. पिशवीवर 'टीबी' हा शब्दही छापू नका.

आता मूळ आकडा फुगवणारी बाब. झारखंडमध्ये डॉ. अनुराग आणि डॉ. माधवी भार्गव यांच्या पुढाकाराने झालेल्या 'रेशन्स' अभ्यासाचे निष्कर्ष २०२३मध्ये प्रसिद्ध झाले. २८०० रुग्णांच्या घरांतली दहा हजारांहून अधिक माणसं त्यात होती. रुग्णाबरोबर घरच्यांनाही शिधा दिला, तेव्हा त्या घरांत नव्याने होणारा क्षय ३९ टक्क्यांनी घटला. चाचणीत जंतू आढळलेला फुप्फुसाचा क्षय तर जवळपास निम्म्याने. यात आश्चर्य वाटण्यासारखं काही नाही. आपल्या स्वयंपाकघरात एकट्याची डाळ वेगळी शिजत नाही. रुग्णाची पिशवी घरी आली की ती चौघांत वाटली जाते. २०२४च्या शेवटी सरकारनेही निक्षय मित्र योजनेत घरच्यांना सामावून घेतलं. अभ्यासात घरच्या मोठ्या माणसाला महिन्याला ५ किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ दिली होती, म्हणजे आजचे चारशेच्या घरात. रुग्ण आणि घरचे तिघे धरले, तर महिन्याला साधारण पावणेदोन हजार. शंभर घरांचे सहा महिन्यांचे दहा लाखांच्या वर. बजेट साडेतीन लाखांचंच असेल, तर शंभर रुग्णांना अर्धवट देण्यापेक्षा तीसेक घरं पूर्ण घ्या. अहवालात आकडा लहान दिसेल, दिसू दे.

औषधांवर पैसे घालू नका. ती सरकार मोफत देतं. निदानासाठी थुंकीची जनुकीय चाचणी सरकारी केंद्रात मोफत आहे. शिवाय निक्षय पोषण योजनेत रुग्णाच्या खात्यात थेट पैसे जमा होतात; २०१८मध्ये महिना ५०० होते, १ नोव्हेंबर २०२४पासून १००० झाले. खात्याला आधार जोडलेलं नाही म्हणून हे पैसे अडकतात. असे अर्ज मार्गी लावणारा एक माणूस अर्धवेळ पगारावर दिलात, तर त्याचा पगार कितीतरी पटींनी वसूल होईल. कंपनीला एक्स-रे यंत्र द्यायचं असेल, तर आधी ते चालवणार कोण ते विचारा. अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी आणि तंत्रज्ञ नसला, तर यंत्र कपाटात पडून राहतं.

सीएसआरचा, म्हणजे कंपनीच्या सामाजिक दायित्वाच्या खर्चाचा, हिशेब लेखापालाला आधीच सांगून ठेवा. ५०० कोटींची निव्वळ मालमत्ता, १००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा, यातलं काहीही असलं की मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के खर्च करावेच लागतात. पोषण आणि आरोग्य त्यात बसतं. पण हा खर्च आयकरात व्यवसायखर्च म्हणून वजा होत नाही, आणि १ ऑक्टोबर २०२३पासून सीएसआरच्या खरेदीवरच्या जीएसटीचा परतावाही मिळत नाही. म्हणजे पाकीटबंद धान्यावर भरलेला कर खिशातूनच जातो. कर्मचाऱ्यांनी दिलेला वेळ पैशांत मोजून दाखवता येत नाही. प्रशासकीय खर्चाची ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभारापुरती आहे. पिशव्या पोचवणाऱ्या गाडीचं भाडं त्यात मोडत नाही. संस्थेमार्फत काम करणार असाल, तर तिची सीएसआर-१ नोंदणी तपासा.

एक खर्च मात्र सीएसआरमध्ये धरता येत नाही आणि तो पहिला करायला हवा: स्वतःच्या कामगारांचा. कोल्हापूरच्या फाउंड्रीत किंवा दगडखाणीवर सिलिकाची धूळ फुप्फुसात गेलेल्या माणसाला क्षयाचा धोका जास्त असतो. बाहेर पिशव्या वाटायच्या आणि आत धूळ तशीच ठेवायची, हे चालणार नाही. कामगाराला दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, तर तपासणीला भरपगारी अर्धा दिवस द्या. निदान झालं, तर डॉक्टर 'कामावर या' म्हणेपर्यंत, बहुधा काही आठवडे, रजा. महिना अठरा हजार पगार धरला, तर महिनाभराच्या रजेचे अठरा हजारच, आणि ईएसआयमध्ये (कर्मचारी राज्य विमा) असलेल्याचा तो भारही बहुतांशी कंपनीवर येत नाही. २१ हजारांपर्यंत पगार असलेल्या विमाधारकाला क्षयासाठी वाढीव आजारपण लाभ मिळतो: पगाराच्या ८० टक्के, कमाल दोन वर्षं. अट दोन वर्षांच्या नोकरीची आहे, म्हणून कंत्राटी कामगारांची वर्गणी कंत्राटदाराने भरली आहे का, हे आजच बघा.

नोंदणीला एक पैसाही लागत नाही. निक्षय पोर्टलवर आरोग्य केंद्र, तालुका किंवा जिल्हा आणि मुदत निवडायची. मुदत सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत. अडलं तर १८०० ११ ६६६६ या मोफत क्रमांकावर विचारा. काम जानेवारीत सुरू करत असाल, तर रुग्णाचा कोर्स जूनमध्ये संपेल आणि आर्थिक वर्ष मार्चमध्ये. संचालक मंडळाकडून प्रकल्प 'चालू' म्हणून आधीच मंजूर करून घ्या आणि उरलेली रक्कम ३० एप्रिलपर्यंत वेगळ्या खात्यात टाका, नाहीतर चौथ्या महिन्याची पिशवी लेखापालाच्या टेबलावर अडकेल.